धाकटी पाती

मराठी शेतकऱ्याला बोर्डो हा शब्द बाटलीतून नव्हे, तर फवारणीच्या पंपातून परिचित झाला. मोरचूद आणि चुना यांचे निळसर बोर्डो मिश्रण द्राक्षबागांना केवड्यापासून वाचवते, आणि त्याचाच घट्ट मलम विदर्भातील संत्र्यांच्या बुंध्यांना लावला जातो. हे औषध १८८० च्या दशकात फ्रान्समधील ज्या प्रदेशात जन्मले, त्या बोर्दोची जगभरची कीर्ती मात्र तिथल्या तांबड्या वाइनमुळे आहे. तिरोड्यासारख्या धानाच्या मुलखात मद्य म्हटले की मोहाची फुले आधी आठवतात. बोर्दोची वाइन ही श्रीमंतांच्या मेजावरची वस्तू, अशीच समजूत आहे. ही समजूत फ्रान्समध्येही फार काळ होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मोठ्या नावांच्या बाटल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या, आणि आवाक्यातल्या बाटलीत नेमके काय भरले आहे, याची खात्री देणारे कोणी नव्हते.

परवडणारी आणि तरीही भरवशाची अशी बोर्दोची तांबडी वाइन जगाच्या बाजारात ज्यांनी रुजवली, ते बॅरन फिलिप द रोथशिल्ड जगातील अत्यंत धनाढ्य अशा सावकारी घराण्यात जन्मले होते, हा नियतीचा विनोदच म्हणावा लागेल. आयुष्याची पन्नास वर्षे त्यांनी आपल्या मळ्याला पहिल्या पंक्तीत बसवण्यासाठी खर्च केली. तो मान त्यांना मिळालाही. परंतु लाखो घरांत त्यांचे नाव पोहोचले ते त्या मानाच्या वाइनमुळे नाही, तर एका फसलेल्या हंगामातून जन्मलेल्या धाकट्या बाटलीमुळे.

फिलिप यांचा जन्म १३ एप्रिल १९०२ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आँरी द रोथशिल्ड हे डॉक्टर होते आणि टोपणनावाने नाटकेही लिहीत. फिलिप हे तीन भावंडांत शेंडेफळ. घराण्याच्या मालमत्तेत बोर्दोजवळच्या मेदोक भागातील पोयाक या गावी एक द्राक्षमळा होता. फिलिप यांचे पणजोबा नाथानिएल यांनी तो १८५३ मध्ये लिलावात सव्वा अकरा लाख फ्रँकला विकत घेतला होता आणि त्याला आपल्या घराण्याचे नाव जोडून मुतों रोथशिल्ड केले होते. त्यानंतरच्या पिढ्यांनी मात्र या मळ्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पॅरिसच्या बंगल्यांत आणि नाट्यगृहांत रमणाऱ्या कुटुंबाला जिरोंद नदीच्या मुखाजवळचे ते खेडे दूरचे वाटे. १९१८ मध्ये जर्मन तोफांचे गोळे पॅरिसवर पडू लागले, तेव्हा सोळा वर्षांच्या फिलिप यांना सुरक्षिततेसाठी तिथे पाठवण्यात आले. चिखल, घोडे, पिंपे बांधणारे कारागीर आणि पहाटेपासून वेलींत वाकलेले मजूर यांच्या सहवासात या शहरी मुलाला मळ्याचा लळा लागला. ऑक्टोबर १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी मळ्याचा कारभार आपल्या हाती घेतला.

त्यांच्या हाती आले ते एक सल होते. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी, सम्राट तिसरा नेपोलियन याच्या इच्छेवरून, बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या तांबड्या वाइनची प्रतवारी केली होती. वर्षानुवर्षे बाजारात मिळालेल्या भावावरून मळ्यांचे पाच वर्ग ठरले. पहिल्या वर्गात चौघे बसले : लाफित, मार्गो, ओ-ब्रियों आणि लातूर (आपल्या मराठवाड्यातील लातूरशी त्याचे नाव जुळते, एवढाच काय तो संबंध). मुतों दुसऱ्या वर्गाच्या अग्रभागी राहिला. अगदी शेजारचा लाफित मळा १८६८ मध्ये रोथशिल्ड घराण्याच्याच दुसऱ्या शाखेने घेतला, तेव्हापासून ही प्रतवारी भाऊबंदकीच्या अंगाने अधिकच बोचू लागली. विसाव्या वर्षीच्या फिलिप यांनी ती यादी बदलून घेण्याचा पण केला.

त्या काळी बोर्दोच्या मळेवाल्याचा वाइनशी संबंध हंगामानंतर काही महिन्यांतच संपत असे. सव्वादोनशे लिटरची पिंपे होड्यांतून बोर्दो शहराच्या धक्क्यावर जात. तिथल्या व्यापारी पेढ्या ती वाइन आपल्या तळघरांत मुरवत, बाटल्यांत भरत आणि विकत. नाव मळ्याचे, ताबा पेढीचा. कमकुवत वर्षाच्या वाइनला दुसऱ्या मुलखातील दणकट वाइनची जोड दिली, तर मळेवाल्यालाही ते कळत नसे आणि पिणाऱ्यालाही. फिलिप यांनी १९२४ मध्ये ठरवले की, मुतोंची सर्वच्या सर्व वाइन मळ्यातच बाटलीबंद होईल. पहिल्या वर्गातील मळ्यांनाही त्यांनी या कामी बरोबर घेतले. दुसऱ्या वर्गातला, बावीस वर्षांचा तरुण पहिल्या वर्गातील मालकांना एकत्र बसवतो, यातली गंमत त्यांच्या लक्षात आली नसेल असे नाही. त्या वर्षीच्या बाटलीसाठी ज्याँ कार्लू या चित्रकाराकडून त्यांनी लेबल करून घेतले. मेंढ्याचे मस्तक आणि घराण्याचे पाच बाण त्यावर होते. आधुनिक चित्रशैलीतले ते लेबल पाहून बोर्दोच्या जुन्या मंडळींनी नाके मुरडली.

मळ्यात बाटलीबंद करणे म्हणजे दोन-तीन वर्षांचे पीक घरात अडकवून ठेवणे. त्यासाठी जागा लागते आणि भांडवलही. १९२६ मध्ये वास्तुविशारद शार्ल सिक्लिस यांच्याकडून शंभर मीटर लांबीचे पिंपघर बांधून घेण्यात आले. हेच सिक्लिस पुढे बाप-लेकांनी पॅरिसमध्ये उभारलेल्या पिगाल नाट्यगृहाचेही शिल्पकार ठरले. पिंपघरात शिरणाऱ्याला रंगमंचाचा भास व्हावा, अशीच त्याची रचना आहे.

या काळातील फिलिप यांच्याकडे पाहिले तर एकाच माणसात किती माणसे नांदत होती, असा प्रश्न पडतो. मोटारींच्या शर्यतींत ते घराण्याचे नाव लपवून उतरत. १९२९ च्या मोनाको ग्रां प्रीमध्ये टोपणनावाने बुगाटी चालवून त्यांनी चौथा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी पिगाल नाट्यगृह सुरू झाले. १९३४ मध्ये त्यांनी ‘लाक ओ दाम’ या चित्रपटाची निर्मिती केली. हा तरुण खुशालचेंडू आहे आणि मळा हा त्याचा आणखी एक छंद आहे, असे कोणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. त्याची परीक्षा पाहणारे वर्ष मात्र येऊन ठेपले होते.

१९३० चा हंगाम बोर्दोत फसला. द्राक्षे नीट पिकलीच नाहीत. १९३१ आणि १९३२ ही वर्षेही तशीच गेली. बाजाराची दशा तर त्याहून वाईट होती. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती, ती १९३३ पर्यंत उठली नाही. १९२९ च्या मंदीने इंग्लंड-युरोपातील गिऱ्हाइकांचे खिसे रिकामे केले होते. अशा वेळी मळेवाल्यापुढे दोनच वाटा असत. एक, आहे ती पातळ, आंबट वाइन मोठ्या नावाखाली खपवायची आणि लोकांना बोल लावू द्यायचा. दुसरी, ती पिंपांनी व्यापाऱ्याला मातीमोल भावाने देऊन टाकायची. फिलिप यांनी तिसरी वाट काढली. मुतोंच्या तोलाची नसलेली वाइन मुतों या नावाने विकायची नाही. तिला वेगळे नाव द्यायचे आणि कमी भावाने, पण आपल्याच जबाबदारीवर बाजारात आणायची.

नाव ठेवले मुतों कादे. कादे म्हणजे घरातला धाकटा. वाइन थोरल्या मुतोंची धाकटी, आणि मालकही भावंडांत धाकटा. मराठी वाचकाला देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवावी. कूळ एक, इतमाम निराळा.

या निर्णयाचे मर्म तिरोडा-गोंदिया भागातील राइस मिलवाल्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अख्खा तांदूळ निराळा, तुकडा निराळा, कणी निराळी. ज्याचा त्याला भाव. तुकड्याला गिऱ्हाईक नसते असे नाही, घेणारा तो तुकडा म्हणूनच घेतो आणि स्वस्तात समाधानाने जेवतो. तक्रार सुरू होते ती अख्ख्याच्या पोत्यात तुकडा मिसळल्यावर. बोर्दोच्या व्यापारात ही मिसळ शतकभर चालत आली होती. फिलिप यांनी आपली प्रतवारी आपणच, आणि ती गिऱ्हाइकाला दिसेल अशी केली. स्वतःच्या पिकाला खालचा दर्जा देणे हे बोलायला सोपे आहे. मंदीच्या वर्षी, गोदामात पिंपे पडून असताना, ते करायला छाती लागते.

ही बाटली खपली. एवढी की पुढच्या पेचाला तिनेच जन्म दिला. चांगल्या वर्षी मुतोंच्या पिकाला खालचा दर्जा देण्याचे कारण उरत नाही. मग कादेमध्ये भरायचे काय? मागणी तर वर्षागणिक वाढती. फिलिप यांनी आसपासच्या मळ्यांतून वाइन विकत घ्यायला सुरुवात केली. १९३३ मध्ये पोयाकमधील एक लहानशी व्यापारी पेढी आणि शेजारचा मुतों दार्माइयाक हा मळा त्यांच्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कादे ही पोयाकची न राहता साऱ्या बोर्दो प्रदेशातील वाइनच्या मिश्रणातून तयार होऊ लागली. मुतोंच्या मळ्यातील द्राक्षांचा तिच्याशी असलेला संबंध सुटला. नाव तेवढे राहिले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण कादेवर होणारी सर्वांत गंभीर टीका याच जागी आहे. लेबलवर मुतों वाचून गिऱ्हाइकाला वाटते की, आपण त्या थोर मळ्याचीच थोडी हलकी वाइन घेत आहोत, आणि प्रत्यक्षात बाटलीत असते ती शेकडो अनामिक शेतकऱ्यांच्या द्राक्षांची. हा आक्षेप खोटा नाही. ज्या माणसाने मळ्याचे नाव आणि मळ्याची वाइन यांची फारकत संपवण्यासाठी १९२४ मध्ये कंबर कसली, त्याच्याच यशस्वी बाटलीवर ती फारकत पुन्हा अवतरली, हेही नाकारता येत नाही. मात्र बोर्दोच्या भूगोलाकडे पाहिले म्हणजे याची दुसरी बाजू दिसते. १८५५ च्या यादीतले तांबड्या वाइनचे मळे जेमतेम साठ. विसाव्या शतकाच्या अखेरीस बोर्दोत एक लाख हेक्टरांहून अधिक द्राक्षलागवड होती. म्हणजे बोर्दो हा मुख्यतः नाव नसलेल्यांचाच प्रदेश आहे. मेर्लो, काबर्ने सोव्हिन्यों, काबर्ने फ्राँ याच जाती हे शेतकरीही लावतात. ब्लाय, बूर, कास्तियों या भागांतल्या टेकड्यांवर उत्तम द्राक्षे येतात. त्यांच्याकडे नसते ती ओळख. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या दुकानदाराने त्यांच्यापैकी कोणाची बाटली कोणत्या भरवशावर घ्यावी? स्वस्त आणि चांगली बोर्दो शोधणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. वाइन असते, साक्षीदार नसतो. कादेने या अनामिकांच्या वाइनला एक साक्षीदार दिला. ती साक्ष मुतोंच्या मळ्याची नव्हती. पिंपे चाखून, निवडून, दरवर्षी साधारण एकच चव जमवणाऱ्या पेढीची होती. नाशिक परिसरात २००१ च्या राज्य धोरणानंतर वाइन उद्योग वाढला, तेव्हा तिथेही शेतकऱ्यांकडून करारावर द्राक्षे घेऊन एका नावाखाली वाइन करण्याची पद्धत रुजली. तिचे गणित यापेक्षा फार वेगळे नाही.

मंदीच्या त्याच वर्षांत या साक्षीच्या प्रश्नाला आणखी दोन उत्तरे सापडली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९३२ मध्ये बोर्दोच्या दलालांनी १८५५ च्या यादीबाहेरच्या मेदोकमधील ४४४ मळ्यांची क्रू बूर्ज्वा नावाची यादी तयार केली. मधल्या दर्जाच्या या मळ्यांकडे आजही जाणकार गिऱ्हाईक आधी वळते. आणि १९३५ च्या फ्रेंच कायद्याने प्रदेशाच्या नावाला सरकारी संरक्षण दिले. बोर्दो हे नाव लावायचे तर द्राक्षे बोर्दोचीच हवीत, ठरावीक जातींचीच हवीत, हा दंडक पुढच्या वर्षापासून लागू झाला. दलालांची यादी, सरकारचा कायदा आणि धन्याचे नाव अशा तीन आधारांवर कमी किमतीच्या बोर्दोचा पुढचा सगळा व्यवहार उभा आहे. तिन्हींचा जन्म सुबत्तेत झालेला नाही.

यानंतर आले ते युद्ध, आणि त्याने वाइनच्या या हिशेबांना क्षुद्र करून टाकले. १९४० मध्ये फ्रान्स पडला. रोथशिल्ड ज्यू होते. विशी राजवटीने फिलिप यांचे नागरिकत्व काढून घेतले, मालमत्ता जप्त केली, त्यांना अटकही झाली. सुटका झाल्यावर ते पिरेनीज पर्वत ओलांडून निसटले आणि इंग्लंडमध्ये द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेत दाखल झाले. त्यांची पत्नी एलिझाबेथ जन्माने कॅथलिक होत्या. दोघांचा विवाह १९३४ मध्ये झाला होता आणि युद्धापूर्वीच ती दोघे दुरावली होती. ज्यू नसल्यामुळे आपल्याला धोका नाही, असे त्यांना वाटले असावे. पण नाव रोथशिल्ड होते. गेस्टापोने त्यांना पकडले आणि मार्च १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत त्यांचा अंत झाला. मागे राहिली अकरा वर्षांची मुलगी फिलिपीन. ज्या नावाच्या बळावर बाटल्या खपत, त्याच नावापायी एका स्त्रीचा जीव गेला. फिलिप यांच्या चरित्रातील हे पान ओलांडून पुढे जाणे चरित्रकाराला सोपे जात नाही. त्यांना स्वतःला तरी ते गेले असेल, असे वाटत नाही.

परत आल्यावर त्यांनी जर्मन सैन्याच्या मुक्कामाने विस्कटलेला मळा सावरला. १९४५ चा हंगाम अल्प पण अलौकिक निघाला. त्या वर्षीच्या लेबलवर फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराकडून विजयचिन्ह म्हणून इंग्रजी व्ही हे अक्षर काढून घेतले गेले. तिथून दरवर्षी नव्या चित्रकाराचे लेबल ही मुतोंची परंपरा झाली. कोक्तो, ब्राक, दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल यांनी ती चालवली आणि मोबदला रोख न घेता वाइनच्या पेट्यांच्या रूपात घेतला. १९५४ मध्ये फिलिप यांनी पोलीन पॉटर या अमेरिकी वेषकल्पकार स्त्रीशी विवाह केला. या दांपत्याने मुतोंवर उभारलेल्या वाइनविषयक कलावस्तूंच्या संग्रहालयाचे उद्घाटन १९६२ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्ते झाले. मधल्या वेळात फिलिप इंग्रजी नाटककारांची फ्रेंच भाषांतरे करत. मार्लो हा त्यांचा आवडता. सकाळी उशिरापर्यंत अंथरुणातच बसून, कागदांचा पसारा मांडून काम करायची त्यांची सवय प्रसिद्ध होती.

थोरल्या बाटलीवर दालीचे चित्र, आणि धाकटीवर वर्षानुवर्षे तेच साधे लेबल. पण दुकानांच्या मांडणीवर, रेल्वेच्या भोजनडब्यात, मध्यमवर्गीयांच्या रविवारच्या जेवणात धाकटीच असे. १९७० च्या दशकात कादेचा वार्षिक खप लाखो बाटल्यांवर गेला आणि पुढे तो कोटीच्या पलीकडे पोहोचला. तिच्या चवीची वाइनच्या समीक्षकांनी फारशी तारीफ केली नाही. तिच्यात दोष नसतो आणि विशेषही नसतो, असा त्यांचा सर्वसाधारण सूर राहिला. त्याच पैशात एखाद्या अनोळखी मळ्याची सरस बाटली मिळू शकते, असेही ते सांगत. ते खरेच आहे. मात्र ती अनोळखी बाटली कोणती, हे ओळखायला समीक्षकाची जीभ लागते, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानात उभ्या असलेल्या कारकुनाकडे ती नसते. पहिली बोर्दो म्हणून कादे प्यायलेले अनेकजण पुढे क्रू बूर्ज्वापर्यंत पोहोचले, हे समीक्षकांच्या हिशेबात क्वचितच येते.

१८५५ च्या यादीचे काय झाले? फिलिप यांनी मंत्री, दलाल, महासंघ, वृत्तपत्रे यांचा पिच्छा सोडला नाही. लाफितचे चुलत भाऊबंद आडवे आले. मुतोंला बाजारात पहिल्या वर्गाचाच भाव मिळतो, आणि मूळ यादी भावावरूनच झाली होती, हा त्यांचा युक्तिवाद तसा बिनतोड होता. अखेर जून १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांनी आदेशावर सही केली आणि मुतों पहिल्या वर्गात आला. सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत त्या यादीत झालेला हा एकमेव मोठा फेरबदल. आपण पहिले होऊ शकत नाही आणि दुसरे होणे आपल्याला रुचत नाही, अशा आशयाचे जे बोधवाक्य मळ्याने मिरवले होते, ते बदलून आता पहिले झालो आहोत, असे करण्यात आले. त्या वर्षीच्या लेबलसाठी पिकासोचे चित्र वापरले गेले. पिकासोचे निधन त्याच एप्रिलमध्ये झाले होते. फिलिप तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

विजयाचे वर्ष बोर्दोसाठी मात्र नाचक्कीचे ठरले. त्याच उन्हाळ्यात एका जुन्या प्रतिष्ठित पेढीसह काही व्यापाऱ्यांवर, बाहेरची सामान्य वाइन कागदपत्रे बदलून बोर्दो म्हणून विकल्याचा आरोप झाला आणि पुढच्या वर्षी त्याचा खटला गाजला. जोडीला तेलाच्या किमतींचा भडका उडाला. आधीच्या सट्टेबाजीने फुगलेले बोर्दोचे भाव कोसळले आणि गोदामे तुंबली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी मळ्यातच बाटली भरण्याचा हट्ट धरला होता, तेच कारण पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. पडत्या काळात कादेने आपल्या धन्याच्या पेढीला हात दिला असणार, असे मानायला जागा आहे. थोरल्या मुतोंच्या भाववाढीवर सटोडिये जगत, कादे मात्र घरगुती गिऱ्हाइकांवर उभी होती, आणि घरातली रविवारची बाटली मंदीतही सहसा बंद होत नाही.

पोलीन यांचे १९७६ मध्ये निधन झाले. वृद्ध फिलिप यांनी त्यानंतरही नवा डाव मांडला. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट मोंडावी यांच्याशी भागीदारी करून नापा खोऱ्यात त्यांनी ओपस वन ही वाइन काढली. तिचा पहिला हंगाम १९७९ चा. फ्रेंच अभिजनाने अमेरिकी माणसाशी बरोबरीच्या नात्याने भागीदारी करावी, हे त्यांच्या वर्तुळातील कित्येकांना पटले नाही. इंग्रज रंगकर्मी जोन लिटलवूड यांच्या साहाय्याने त्यांनी सांगितलेली आत्मकथा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. २० जानेवारी १९८८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

कारभार फिलिपीन यांच्याकडे आला. रंगभूमीवर अभिनेत्री म्हणून नाव कमावलेल्या या कन्येने तो २०१४ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत समर्थपणे सांभाळला. मुतोंच्या मळ्यातच पिकलेली, पण थोरल्या बाटलीच्या तोलाची न ठरलेली वाइन ‘प्ती मुतों’, म्हणजे धाकटा मुतों, या नावाने वेगळी काढण्याची पद्धत १९९३ च्या हंगामापासून त्यांच्याच काळात सुरू झाली. १९३० मध्ये वडिलांनी जे केले होते, तेच हे. फरक एवढाच की, या धाकट्याची किंमत आता सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात नाही. ज्याला ती परवडत नाही, त्याच्यासाठी शेजारच्या फळीवर कादे ठेवलेली असते.